वादळाआधीचे दोन दिवस, वादळानंतरचे पंधरा

राहायला पुण्यात आणि जीव कोकणातल्या घरात, अशा वाचकांची पत्रं या खेपेला बरीच आली. अरबी समुद्रात चक्रीवादळं उठतात ती बहुतेक पावसाळ्याच्या आगेमागे, मे-जूनमध्ये नाहीतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. इशारा आल्यावर उत्तरं छापून उपयोग नाही, म्हणून आत्ताच देत आहोत.

प्रश्न: आई-नाना दापोली तालुक्यात गावी असतात, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर आठ दिवस त्यांचा आवाज ऐकू आला नव्हता. पुन्हा इशारा आला तर आम्ही पुण्यातून कधी निघायचं आणि काय न्यायचं? (कोथरूड)

उत्तर: आधी इशाऱ्यांची भाषा समजून घ्या. हवामान खातं वादळाची पहिली पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी देतं. ४८ तास आधी पिवळा इशारा येतो, २४ तास आधी नारिंगी आणि १२ तास आधी लाल. पुण्यातून निघायचं तर पहिल्या सूचनेलाच निघा. पिवळ्या इशाऱ्यापर्यंत गावी पोचलेले असाल तर हाताशी पूर्ण एक दिवस राहतो. नारिंगी इशारा आल्यावर ताम्हिणी किंवा वरंध घाटात गाडी घालू नका. वादळाच्या आदल्या दिवसापासूनच पाऊस आणि वारा सुरू होतो, घाटात झाडं आडवी होतात, दरड येते, आणि मग तुम्ही ना पुण्यात ना गावात.

नकाशावर वादळाची एक रेघ दाखवतात, ती तंतोतंत धरू नका. 'निसर्ग'च्या आधीच्या अंदाजात हरिहरेश्वर ते दमण एवढा लांब किनारा होता, सगळ्यांचं लक्ष मुंबईकडे होतं, आणि फटका बसला तो त्या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला. आपलं गाव रेघेपासून ६०-७० किलोमीटरवर असलं तरी तयारी पूर्ण करायची.

म्हातारी माणसं घर सोडत नाहीत. गुरं असतात, देव असतात. त्यांच्याशी फोनवर हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका. गावातलं स्लॅबचं, उंचावरचं एक घर आजच ठरवा, त्या घरच्यांशी बोलून ठेवा, आणि नारिंगी इशारा आला की आई-नानांनी तिथे जायचं एवढंच कबूल करून घ्या. वाडीतल्या दोन तरुण पोरांचे नंबर कागदावर लिहून घ्या. मोबाइलमध्ये साठवलेला नंबर मोबाइल बंद पडला की गेला. १०७७ हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक जिल्ह्याजिल्ह्याचा आहे. पुण्यातून फिरवलात तर पुण्याचा कक्ष लागेल. रत्नागिरीच्या कक्षाचा एसटीडीसह पूर्ण क्रमांक आधीच मिळवा.

फोनची शिस्त ठरवून घ्या. रोज सकाळी आठ ते सव्वाआठ एवढाच वेळ त्यांनी फोन चालू ठेवायचा, एरवी बंद. साध्या बटणांच्या फोनची बॅटरी अशा वापरात आठवडाभर पुरते. आवाज पोचत नसेल तेव्हा एसएमएस बऱ्याचदा पोचतो.

सामान पंधरा दिवसांचं धरा. 'निसर्ग'नंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले, कारण खांब आणि तारा नव्याने उभ्या कराव्या लागल्या. दोन माणसांना पिण्या-स्वयंपाकाचं पाणी रोज ८ लिटर, म्हणजे पंधरा दिवसांचं १२० लिटर: २० लिटरचे सहा कॅन. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या महिनाभराच्या. इन्सुलिन घेत असतील तर वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत चार आठवडे २५ ते ३० अंशांपर्यंत टिकते (सोबतचा कागद वाचा). फ्रिज बंद पडला की ती कोरड्या डब्यात घालून डबा ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात ठेवा. बर्फात कधीच नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. शिवाय बॅटरी, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर, भरलेला दुसरा गॅस सिलिंडर, तांदूळ, डाळ, पोहे, गूळ. आणि सुट्ट्या नोटांत पाच-सात हजार रुपये, कारण वीज नसली की एटीएम आणि मोबाइलवरचे पैसे दोन्ही थांबतात.

प्रश्न: दिवेआगरला वडिलोपार्जित कौलारू घर आहे, पुढच्या पडवीला पत्रे. २०२० मध्ये आधी पत्रे उडाले आणि मागोमाग माजघरावरची कौलं. पत्रे हुकांनी पक्के केलेले होते, तरी असं का झालं? आता नवीन छप्पर करताना काय बदलायचं? (सिंहगड रस्ता)

उत्तर: वारा छप्पर ढकलत नाही, वर ओढतो. उतारावरून वेगाने जाणारी हवा छपराच्या वरच्या अंगाला ओढ निर्माण करते, आणि ही ओढ सगळ्यांत जास्त असते ती कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी. हिशेब साधा आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, दाब सुमारे ६७० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ६८ किलो. कोपऱ्यात हीच ओढ दीडपट ते दुप्पट होते, १०० ते १३५ किलो. आता छपराचं वजन बघा: पत्रा चौरस मीटरला जेमतेम ५ किलो, सिमेंटचा पत्रा १४-१५, मंगळुरी कौलं ४० ते ४५. वजनावर यातलं काहीच टिकत नाही. टिकतं ते बांधणीवर. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात वर्षानुवर्षं न हललेलं छप्पर १२० ला एका झटक्यात जातं.

पडवी आधी जाते कारण तिच्यावर दोन्हीकडून मार असतो. वरून ओढ, आणि खालून पडवीत शिरलेला वारा पत्र्याला उचलतो. तुमच्याकडे पडवीचे वासे माजघराच्या वाशांना जोडून पुढे काढलेले असणार. पडवी उचलली गेली तिने मुख्य छपराची कड सैल केली, आणि कड गेली की कौलं एकामागून एक सुटतात. नवीन करताना पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, भिंतीवर स्वतंत्र आडव्या वाशावर. ती गेलीच तर एकटी जाईल.

हुकांबद्दल. पत्रे ज्या आडव्या पाइपांवर बसवतात, त्यांवरून जे-हुक ताण आला की सरळ होऊन निसटतो. कडेच्या दोन ओळींना, कोपऱ्यांना आणि आढ्याला ८ मिलिमीटरचे यू-बोल्ट वापरा. तो पाइपाला दोन्ही बाजूंनी धरतो. मधल्या भागात जे-हुक चालेल. कडेचे यू-बोल्ट मात्र जवळ जवळ हवेत, एक पन्हळ सोडून एक. खाऱ्या हवेत साधं लोखंड तीन-चार पावसाळ्यांत आतून कुजतं. वरून रंग दिसतो आणि आत बोल्ट पेन्सिलच्या शिशाएवढा उरलेला असतो, त्यामुळे गॅल्व्हनाइज्डच घ्या आणि दर एप्रिलमध्ये पाना लावून चाचपा. पागोळीच्या कडेला पत्र्यांवरून ४० मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी सलग घालून ती बोल्टांनी खाली पाइपाला आवळली, तर कड उचलली जात नाही. हा खर्च थोडा आहे आणि सगळ्यांत जास्त उपयोगाचा आहे.

कौलांसाठी: मंगळुरी कौलाच्या खालच्या अंगाला भोक असलेला एक टेंगूळ असतो. तो तार बांधण्यासाठीच आहे, आणि गवंडी तो हमखास विसरतात. चारही कडांच्या दोन-दोन ओळी गॅल्व्हनाइज्ड तारेने रिपेला बांधून घ्या. आढ्यावरची कौलं सिमेंटच्या मालात बसवा.

आता खरा कच्चा दुवा. पत्रा पाइपाला, पाइप वाशाला, वासा भिंतीला, अशी ही साखळी असते. जुन्या घरांत वासा भिंतीवर नुसता ठेवलेला किंवा एका खिळ्यावर असतो. वरचं सगळं घट्ट केलं आणि हा जोड तसाच राहिला तर वाऱ्यात अख्खं छप्पर वाशांसकट उठतं. प्रत्येक वाशाला लोखंडी पट्टीने भिंतीवरच्या आडव्या तुळईशी बांधा, आणि ती तुळई १२ मिलिमीटरच्या सळईने चिऱ्याच्या भिंतीत दोन-तीन थर खाली काँक्रीटमध्ये रोवा.

ऐनवेळी दोन दिवसांत एवढं होत नाही. तेव्हा जुनं मासेमारीचं जाळं कौलांवर पसरून त्याच्या दोऱ्या जमिनीत खोल ठोकलेल्या मेढींना ताणून बांधणं, हा सगळ्यांत कामाचा उपाय. दोऱ्या पडवीच्या खांबाला बांधू नका. पत्र्यावर सुटे दगड ठेवण्याची पद्धत मात्र घातक आहे, वाऱ्यात तेच दगड शेजाऱ्याच्या अंगावर जातात. आणि माळ्यावर दोनशे कौलं, दहा पत्रे, एक जाड ताडपत्री कायम ठेवा. 'निसर्ग'नंतर ही तिन्ही मिळेनाशी झाली, मिळाली तिथे भाव चढले, आणि पाठोपाठ मोसमी पाऊस आला. उघड्या घरातलं धान्य-अंथरूण गेलं ते बहुतेक त्या पावसाने.

प्रश्न: अलिबागच्या घराला मोठ्या सरकत्या काचेच्या खिडक्या आहेत. काचांवर चिकटपट्टीची फुली मारावी आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी किलकिली ठेवावी म्हणजे आतला दाब निघून जातो, असं सांगतात. बरोबर आहे का? (बाणेर)

उत्तर: दोन्ही चुकीचं. फुलीने काच मजबूत होत नाही, फुटल्यावर तुकडे मोठे पडतात इतकंच. खिडकी उघडी ठेवणं तर धोक्याचं आहे. वारा दिशा बदलतो, आणि आज जी मागची बाजू आहे ती तीन तासांनी पुढची होते. एक खिडकी फुटली किंवा उघडली की आत हवा कोंडते, छपराला आतून वर रेटते, आणि वरची ओढ अधिक आतला रेटा मिळून छप्पर जातं. सगळं बंद ठेवायचं.

सरकत्या खिडकीची कमजोरी काचेत कमी आणि ॲल्युमिनियमच्या रुळात जास्त असते, पल्ला रुळातून निघून आत येतो. बाहेरून १२ मिलिमीटर जाडीचं मरीन प्लायवूड, चारही बाजूंना चार इंच भिंतीवर येईल असं कापून, फूटभर अंतरावर स्क्रूने भिंतीत बसवा. भिंतीत प्लग आजच ठोकून ठेवा, पाट्यांवर खिडकीचा क्रमांक लिहा. मग दोन माणसांना अर्ध्या दिवसात सगळं घर झाकता येतं.

प्रश्न: १८८२ साली मुंबईत चक्रीवादळात लाखभर माणसं गेली असं वाचलं. आमचे आजोबा मात्र १९४८ चंच वादळ सांगायचे. कोकणाला वादळं कधीपासून आहेत? (औंध)

उत्तर: आजोबा बरोबर होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईवर खरोखर मोठं वादळ आलं होतं. १८८२ ची गोष्ट वर्षानुवर्षं एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत आली, पण त्या वर्षीच्या मुंबईच्या नोंदींत अशा संहाराचा मागमूस नाही. लाख माणसं गेली असती तर तेव्हाच्या वर्तमानपत्रांत दुसरं काही छापलंच गेलं नसतं.

अरबी समुद्रातली बहुतेक वादळं ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे वळतात, म्हणून कोकणाला सरळ धडक क्वचित बसते. अलीकडची तीन मात्र तीन तऱ्हांची होती आणि तिन्हींकडून शिकण्यासारखं आहे.

११ नोव्हेंबर २००९ चं 'फयान' अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. मासेमारीचा ऐन हंगाम होता, होड्या खोल समुद्रात होत्या, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कित्येक खलाशी परत आले नाहीत. ३ जून २०२० चं 'निसर्ग' दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूत जमिनीवर आलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट फिरतात. केंद्राच्या पुढे जाण्याच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला वाऱ्याचा जोर जास्त असतो. वादळ ईशान्येला निघालं होतं, म्हणून उजव्या हाताचे मंडणगड, दापोली भरडले गेले आणि डाव्या हाताची मुंबई पुष्कळशी वाचली. मे २०२१ चं 'तौक्ते' तर महाराष्ट्रात उतरलंच नाही. ते किनाऱ्याला समांतर वर सरकत १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात गेलं. पण सबंध कोकण त्याच्या उजव्या हाताला होतं, आणि मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार मेले. वादळ आपल्याकडे आदळणार नाही ही बातमी म्हणजे सुटकेची बातमी नव्हे.

प्रश्न: श्रीवर्धनला सव्वा एकराची नारळ-सुपारीची वाडी आहे, वहिवाट काका बघतात. 'निसर्ग'मध्ये निम्म्या पोफळी गेल्या. नवीन लावल्या आहेत. वादळापूर्वी झाडांसाठी काही करता येतं का, आणि नंतर काय चुकतं? (पाषाण)

उत्तर: पोफळीला आधी फारसं काही करता येत नाही हे मान्य करावं लागतं. खोड मनगटाएवढं ते मांडीएवढं, उंची चाळीस-पन्नास फूट, शेंड्याला सगळा भार, आणि किनाऱ्याची पुळण पकड देत नाही. एक पडली की शेजारचीला घेऊन पडते. करता येतं ते लागवडीच्या वेळी. दोन झाडांत नऊ फूट अंतर सोडा. जास्त रोपं बसवायच्या मोहाने सहा फुटांवर लावलेल्या वाड्यांत खोडं बारीक आणि उंच होतात. समुद्राच्या बाजूने उंडी, सुरू अशा झाडांच्या दोन-तीन ओळी वाऱ्याला अडवायला हव्यात. सुरूची एकच ओळ पुरत नाही, ती स्वतःच मोडते.

माडाला मात्र आधी पुष्कळ करता येतं. तयार नारळ आणि शहाळी उतरवून घ्या. सोडणासकट नारळ दीड-दोन किलोचा असतो, वाऱ्यात तो घराच्या पत्र्यातून आरपार जातो. वाळलेल्या आणि खालच्या लोंबत्या झावळ्या काढा. वरच्या उभ्या झावळ्यांना आणि कोंबाला हात लावू नका. झावळ्या कमी म्हणजे भार कमी, असा विचार करून झाड बोडकं करणारे नंतर दोन वर्षं फळाला मुकतात. हे काम पिवळ्या इशाऱ्याच्या आत संपवा, वारा सुटल्यावर कोणालाही माडावर चढवू नका.

नंतर काय चुकतं ते महत्त्वाचं आहे. माड आणि पोफळ या दोघांना वाढीचा डोळा एकच असतो, शेंड्यात. कोंब मोडला असेल तर खोड हिरवं दिसलं तरी झाड संपलं. त्याची वाट बघू नका. कोंब शाबूत आणि झाड नुसतं कललं असेल तर माड वाचतो. लहान असेल तर दोर लावून सरळ करा, मोठा असेल तर तसाच ठेवून बुंध्याशी मातीची भर द्या.

पडलेली खोडं बांधावर कुजत ठेवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. कुजक्या माडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि जखमी झाडांच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. वादळातून वाचलेले माड पुढच्या दोन वर्षांत या भुंग्यांनी जातात. दोन महिन्यांच्या आत खोडं चिरून फळ्या करा, नाहीतर तुकडे करून जाळा किंवा खोल पुरा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. शेजारची झाडं गेल्यावर उरलेल्या पोफळींच्या खोडावर दुपारनंतरचं नैर्ऋत्येचं ऊन थेट पडतं, साल करपते, तडकते आणि चार-पाच वर्षांनी झाड तिथेच मोडतं. अशा खोडांना त्या बाजूने चुना लावा किंवा झावळ्या बांधा, आणि मोकळ्या जागेत लगेच केळी लावा. नवीन सुपारीच्या रोपांनाही ती सावली लागतेच. रोपं वर्ष-दीड वर्षाची, बुटकी, जाड बुंध्याची निवडा. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, 'श्रीवर्धनी रोठा' हा वाण इथलाच, तिथे काकांनी एकदा जाऊन यावं.

वाडीत आंब्याची कलमं उन्मळली असतील तर दहा-बारा वर्षांपर्यंतची उभी करता येतात. मुळं ओल्या पोत्यांनी झाकून चार-पाच दिवसांच्या आत उभं करायचं, फांद्या निम्म्या छाटायच्या, तीन दिशांना टेकू द्यायचा. छाटलेल्या जागी बोर्डो मलम: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून एकत्र करा. लोखंडी भांडं वापरू नका. नवी पालवी येईपर्यंत खत देऊ नका.

प्रश्न: मुलगा ह्यूस्टनला आहे. तिथे 'हरिकेन' म्हणतात ते आपल्या चक्रीवादळाहून वेगळं असतं का? तो बाथटब पाण्याने भरून ठेवतो, ते कशासाठी? (सहकारनगर)

उत्तर: एकच गोष्ट, समुद्राप्रमाणे नाव वेगळं. अटलांटिक आणि पूर्व प्रशांत महासागरात हरिकेन, पश्चिम प्रशांतमध्ये टायफून, आपल्याकडे चक्रीवादळ. आपण ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ म्हणतो, ते ताशी ११९ पासून हरिकेन म्हणतात. शिवाय आपण वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी घेतो आणि ते एका मिनिटाची, त्यामुळे त्यांचा आकडा थोडा जास्त दिसतो. बाथटबचं पाणी प्यायला नसतं, पंप बंद पडल्यावर संडासात ओतायला असतं. ह्यूस्टनला वाऱ्याइतकीच पाण्याची भीती आहे. २०१७ चं 'हार्वी' वादळ त्या भागात दिवसेंदिवस रेंगाळलं आणि शहर बुडालं. मुलाचं घर पुराच्या पट्ट्यात येतं का ते विचारा, आणि येत असेल तर बाहेर पडायचा आदेश आला की निघायचं ठरवून ठेवायला सांगा.

प्रश्न: माझं माहेर हर्णैचं. भावाची एक मोठी नौका आणि एक फायबरची होडी आहे. वादळात तो नौकेवरच थांबतो, ऐकत नाही. नौका कशी ठेवावी म्हणजे त्याला थांबावं लागणार नाही? (वारजे)

उत्तर: ताई, हे आधी भावाला वाचून दाखवा: वादळात नांगर सुटला तर नौकेवरचा माणूस तो धरून ठेवू शकत नाही. माणूस असल्याने नौका वाचत नाही, नांगरण्याने वाचते.

उघड्या बंदरात नको, खाडीत आत, कांदळवनाच्या आडोशाला न्या. बंदरावर तीन नंबरचा (धोक्याच्या इशाऱ्याचा) बावटा लागायच्या आधी निघालं तरच जागा मिळते. दोन नांगर, वाऱ्याच्या दिशेला इंग्रजी 'व्ही'सारखे टाकलेले. दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या सातपट लागते, आणि खोली मोजायची ती भरतीची. ओहोटीला ३ मीटर पाणी असेल तर भरतीला ते सहाच्या पुढे जातं आणि वादळाचा फुगवटा त्यावर आणखी एक-दोन मीटर. म्हणजे ५५-६० मीटर दोर हवा. तेवढा नसेल तर नौका उचलली गेली की नांगर तळातून उपटला जातो. नांगराला पहिली काही मीटर साखळी असावी, ती नांगराला आडवा ठेवते. दोर तुटतो तो मधे नाही, नौकेच्या काठावर घासतो तिथे. तिथे जुन्या रबरी पाइपाचा तुकडा चिरून गुंडाळा. ताडपत्री, झेंडे, दिव्यांचे खांब, जाळी उतरवा. शेजारच्या नौकेपासून तिच्या लांबीएवढं तरी अंतर ठेवा.

फायबरची होडी पाण्यात ठेवूच नका. इंजिन काढून घरी न्या, होडी उधाणाच्या रेघेच्या बरीच वर ओढा आणि निम्मी पाण्याने भरा. हलकी होडी वाऱ्यात पतंगासारखी उडते.

भरतीचा हिशेब भावाला ठाऊकच असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. 'निसर्ग' आलं तेव्हा त्रयोदशी होती, वटपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचेच दिवस. पण वादळ दुपारी आदळलं तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. तेच सकाळी दहाला आदळतं तर किनाऱ्याच्या वाड्यांत समुद्र कितीतरी आत शिरला असता. वादळाची वेळ आणि भरतीची वेळ जवळ येत असेल तर खाडीकाठची घरंही रिकामी करायला हवीत. समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

प्रश्न: कोकणात वादळ आलं तर आम्हाला पुण्यात कशाची काळजी? (कर्वेनगर)

उत्तर: 'निसर्ग' सह्याद्री ओलांडून पुण्याच्या पश्चिमेकडून ईशान्येला गेलं. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरमध्ये घरांचे पत्रे आणि पॉलिहाऊस उडाली, शहरात झाडं पडली. सोसायटीने गच्चीवरची पत्र्याची शेड तपासावी, कुंड्या कठड्यावरून खाली घ्याव्यात. गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी भरलेली ठेवा. १००० लिटरची भरलेली टाकी टनभर वजनाची असते, रिकामी उडते. गाडी गुलमोहर किंवा रेन ट्रीखाली लावू नका, ही झाडं वादळाच्या वाऱ्यात आधी मोडतात. तार पडलेली दिसली तर जवळ न जाता वीज कंपनीला कळवा.

प्रश्न: आम्ही पुण्यात, घर-बाग गुहागर तालुक्यात. मागच्या वेळी पंचनाम्यात आमचं नाव आलं नाही. (धायरी)

उत्तर: बहुतेक वेळा अडतं ते सातबाऱ्यावर. पंधरा-वीस सहहिस्सेदारांची नावं असतात आणि मदत कोणाच्या खात्यात जाणार यावर संमती नसते. सगळ्यांचं संमतीपत्र वादळाच्या आधी, शांत डोक्याने करून ठेवा. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर आहे का बघा. गावात राहणाऱ्या नातेवाइकाला लेखी अधिकारपत्र द्या, म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतील तेव्हा तो सही करू शकेल.

ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीक-नोंदीत) झाडांची नोंद हवी. 'निसर्ग'नंतर नारळ-सुपारीला सरकारने झाडामागे मदत दिली, तेव्हा ज्यांच्या उताऱ्यावर नुसतं 'बागायत' होतं त्यांना झाडं मोजून दाखवता आली नाहीत, पडलेली आधीच उचलली होती. दर एप्रिलमध्ये घराच्या चारही बाजूंचे, छपराचे आणि वाडीच्या प्रत्येक ओळीचे फोटो काढा. वादळानंतर साफसफाईच्या आधी त्याच जागांवरून पुन्हा काढा.

विमा असेल तर वादळ आणि पूर दोन्ही त्यात आहेत का बघा. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' हा एकसारखा घरविमा द्यावा लागतो, त्यात वादळ येतं. घर वर्षातले बरेच महिने बंद असतं हे कंपनीला लेखी कळवलेलं असू द्या.

प्रश्न: वादळानंतर विहिरीत झावळ्या आणि पुराचं पाणी गेलं. पंप बंद, वीज नाही. पाणी प्यायला कधी योग्य होतं? (बिबवेवाडी)

उत्तर: आधी एक साधी गोष्ट. हल्ली विहिरींवर जाळी असते आणि पंपाशिवाय पाणी काढायची सोयच नसते. जाळीला एक झडप करून घ्या, कप्पी आणि दोर-बादली घरात ठेवा. जनरेटर लावणार असाल तर तो घरात किंवा पडवीत चालवू नका, त्याच्या धुराने बंद घरात माणसं दगावतात. आणि चेंजओव्हर स्विचशिवाय घराच्या वायरिंगला जोडू नका. वीज उलटी तारांत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनला बसते.

विहिरीतला कचरा काढा, शक्य तेवढं पाणी उपसा, नवं पाणी भरू द्या. मग पाणी मोजा: विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, म्हणजे लिटर मिळतात. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. ताज्या ब्लीचिंग पावडरचं नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. पुराचं पाणी गेलेल्या विहिरीला दुप्पट घ्या. उघड्या पिशवीतली जुनी पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

पावडर सरळ विहिरीत टाकायची नाही. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. आधी थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, गोल फिरवा. चुन्याचा गाळ विहिरीत जाऊ देऊ नका, पाणी जड होतं. किमान एक तास पाणी काढू नका. नंतर वास घेऊन बघा, क्लोरीनचा हलका वास यायला हवा. अजिबात येत नसेल तर निम्मी मात्रा पुन्हा द्या. पहिले पंधरा दिवस तरी हे पाणी उकळूनच प्या. समुद्राचं पाणी शिरून विहीर खारट झाली असेल तर ब्लीचिंगचा उपयोग नाही. ती उपसत राहावं लागतं, आणि मोसमी पावसाचे झरे लागेपर्यंत प्यायचं पाणी बाहेरून आणावं लागतं.